रीफ टँकमध्ये (समुद्री प्रवाळांच्या टाकीत) फूटभर लांब किडा, बाहेर कसा काढू? (तातडीची मदत हवी आहे)

खारेपाणी
कोणीतरी लवकर सांगा. काल रात्री दिवे गेल्यावर टॉर्च मारला, तर मधल्या दगडाच्या भोकातून फूटभर किडा बाहेर आलेला. मागे आत अजून किती आहे देव जाणे. उजेड पडताच ताणलेलं रबर सोडल्यासारखा सपकन आत गेला. झोआंची (बटणासारख्या मऊ कोरलांची) कॉलनी रोज थोडी थोडी कमी होतेय, आता एक क्लाउन मासा गायब. सगळी टाकी रिकामी कर हा सल्ला नको, त्या दगडावर माझे निम्मे कोरल चिकटलेत.

गप्पीवाले आजोबा
बाळा, खाणं जास्त झालं की असे किडे होतात. चार दिवस खाणं बंद ठेव, निम्मं पाणी बदल आणि मूठभर जाडं मीठ टाक. माझ्या गप्पींच्या टाकीत यानेच गेले.

खारेपाणी
आजोबा, समुद्री पाण्याची टाकी आहे. मीठ आधीच आहे त्यात.

दर्यासारंग
टाकी केवढी? दगड कुठून आणले? आणि मुख्य म्हणजे किडा दिसायला कसा? अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके होते, की डोक्यावर मिशा होत्या? सगळं यावर अवलंबून आहे. झुबकेवाला साधा ब्रिसलवर्म मेलेलं आणि उरलेलं खातो. तुमचा क्लाउन आधीच मेला असेल आणि त्याने फक्त साफ केला असेल. त्याला मारू नका, तो टाकीचा सफाई कामगार आहे.

खारेपाणी
७५ गॅलन. सेकंडहँड घेतली, दगड त्यातलेच. रंग तपकिरी, पण टॉर्चमध्ये इंद्रधनुष्यासारखा चमकत होता. केस दिसले नाहीत.

मासाप्रेमी
सिक्सलाइन रास मासा आणा, विषय संपला. माझ्याकडे एकही किडा राहिला नाही.

दर्यासारंग
सिक्सलाइन बोटाएवढा मासा. तो बारीक किडे टिपतो, फूटभर किड्याला काय करणार? वर नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला छळतो.

मासाप्रेमी
माझा कोणालाही छळत नाही. स्वतः पाळून बघा, मग बोला.

कायदाप्रेमी
भारतात हे घरी ठेवता येतं का? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. दगडी प्रवाळ २००१ मध्ये अनुसूची १ मध्ये घातलेत. आधी त्याचा विचार करा.

खारेपाणी
मी न्यू जर्सीत राहतो. कृपया किड्याबद्दल बोला.

निळाई
केस नाहीत, अंग चमकतं, कोरल कमी होतायत: हा युनिसिड (जबडेवाल्या समुद्री किड्यांच्या कुळातला) वाटतो. मासे पकडणारा बॉबिट वर्म याच कुळातला. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकीच्या मत्स्यालयात असाच एक निघाला होता, सुमारे चार फुटांचा. कोरल कुरतडलेले आणि मासे जखमी होत होते, पण कारण कळत नव्हतं. आमिषाचे गळ लावले तर तेही तोडले. शेवटी दगड एकेक करून उचलावे लागले, तेव्हा सापडला. त्याचं नाव बॅरी ठेवलं होतं.

आज रात्री लाल प्रकाशात बघा, पांढऱ्या प्रकाशाला ते लगेच पळतात. भोकासमोर कोळंबीचा तुकडा ठेवा आणि डोक्यावरच्या मिशा मोजा. पाच दिसल्या तर युनिसिड नक्की. ओढायला जाऊ नका. निम्मा तुटतो आणि आतल्या तुकड्यातून पुन्हा वाढू शकतो. हाताने तर मुळीच नको, जबडे कात्रीसारखे असतात.

मासाप्रेमी
फेनबेंडाझोल टाका की मग. कुत्र्यांच्या जंतांचं औषध, स्वस्तात मिळतं.

दर्यासारंग
अजिबात नको! वाळूतले सगळे चांगले किडे एकदम मरून कुजतील, विषारी अमोनिया चढेल आणि उरलेले मासेही जातील. काही मऊ कोरलांनाही ते सोसत नाही.

खारेपाणी
पाच मिशा. कोळंबी ठेवल्यावर बराच वेळ काहीच नाही, मग एकदम डोकं बाहेर, तुकडा पकडला आणि खटकन आत. आता?

निळाई
भोक कुठलं ते कळलं, हे सगळ्यात मोठं काम झालं. तेवढाच दगड उचलून बादलीवर आडवा धरा. निथळला की बरेचदा किडा स्वतःच बाहेर येतो. नाही आला तर दुसऱ्या बादलीत समुद्री मीठ वाढवून घनता १.०४० पर्यंत न्या आणि दगड काही मिनिटं त्यात बुडवा. भोक पाण्याखाली राहील असा धरा, कोरल शक्य तितके पाण्याबाहेर. गोडं पाणी वापरू नका, दगडातले बाकीचे जीव मरतात आणि तोच अमोनिया होतो.

खारेपाणी
निघाला! हातभर लांब. पण दोन तुकड्यांत आला. शेवटचा तुकडा आत राहिला असेल का?

निळाई
असू शकतो. दगड लगेच टाकीत टाकू नका. वेगळ्या बादलीत हीटर आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून ठेवा, वर दिवा द्या आणि रात्री कोळंबी ठेवून बघत राहा. आणि टाकीतले बाकीचे दगडही लाल प्रकाशात तपासा, सेकंडहँड आहेत म्हणून सांगते.