गव्हाविना क्रीम पफ : कवच बसते आणि क्रीम वितळते

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा) :
माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला सीलिअॅक आजार (यात गहू-जवातले ग्लुटेन हे चिवट प्रथिन सोसत नाही) असल्यामुळे घरात तिच्यासाठी गहू, मैदा, रवा आणि जव पूर्ण बंद आहेत. मे महिन्यात तिचा वाढदिवस असून तिला क्रीम पफ हवे आहेत. गावातल्या चक्कीवर तांदूळ दळून आणून मी एकदा प्रयत्न केला. कवच फुगण्याऐवजी पसरट झाले, क्रीम भरताच पाघळले आणि दुसऱ्या दिवशी मुलीचे पोटही दुखले. नेमके कोठे चुकले असावे?

प्रतिसाद १ :
ताई, पोटदुखीचे कारण खात्रीने सांगता येणार नाही, परंतु माझा पहिला संशय चक्कीवर आहे. तुमच्या तांदळाआधी तेथे कोणाचा तरी गहू दळला गेला असणारच, आणि आधी किलोभर तांदूळ दळून बाजूला काढला तरी जात्यातले गव्हाचे पीठ पूर्ण निघून जाईल याची खात्री नसते. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही; यावरून चिमूटभर पिठाचे महत्त्व लक्षात यावे. तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर खडखडीत वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळा आणि वस्त्रगाळ करा. चाळणीही तिच्यासाठी वेगळी ठेवा. (विषयांतर होते, पण डब्यातल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.)

प्रतिसाद २ :
पफच्या कवचासाठी शिजवलेल्या पिठाला फ्रेंचमध्ये ‘शू’ म्हणतात, म्हणजे आपली पानकोबी. भाजलेला गोळा तसाच दिसतो. तो फुगतो तो आतल्या वाफेने, आणि त्याला उभा धरतात अंडी व शिजलेला स्टार्च. म्हणूनच ग्लुटेन नसल्याची उणीव येथे पोळीइतकी जाणवत नाही.

२५० मिली पाणी, १०० ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या गंजात उकळा. त्यात ९० ग्रॅम तांदूळपिठी व ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर एकदम घालून, बुडाला पातळ थर धरेपर्यंत मंद आचेवर घोटा. घरची पिठी जरा भरड राहते, त्यामुळे झाकण ठेवून पाच मिनिटे मुरू द्या. मिश्रण कोमट झाल्यावर तीन अंडी एकेक करून मिसळा. चौथे मात्र फेटून चमच्याचमच्याने घाला आणि पीठ चमच्यावरून जाडसर पट्टीसारखे सुटू लागताच थांबा. कवच पसरण्यामागे बहुधा हेच शेवटचे अंडे असते. ओव्हन २०० अंशांवर आधीच तापवून वीस मिनिटे, मग १७० अंशांवर पंधरा मिनिटे भाजा. मध्ये दार उघडू नका. शेवटी प्रत्येकाला टोचून वाफ बाहेर जाऊ द्या. भारनियमनाची वेळ टाळूनच हे काम काढा, कारण मध्येच वीज गेली की कवच बसलेच म्हणून समजा. मी चमचाभर इसबगोलही घालते.

प्रतिसाद ३ :
इसबगोलाची येथे मुळीच गरज नाही. अंडी पुरेशी आहेत.

क्रीमबद्दल सांगतो. डब्यातल्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये सुमारे २५ टक्केच स्निग्धांश असल्यामुळे ते घट्ट फेटले जात नाही, आणि पुरेशा स्निग्धांशाचे क्रीम आणले तरी ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते टिकायचे कसे? त्यापेक्षा अर्धा लिटर दूध, चार पिवळे बलक, १०० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर यांचे कस्टर्ड करा. बुडबुडे आल्यानंतरही ते मिनिट-दोन मिनिटे उकळत ठेवा, कारण बलकातले एन्झाइम निष्क्रिय झाले नाही तर घट्ट झालेले कस्टर्ड नंतर पातळ होते. गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि पफ ऐन खाण्याच्या वेळी भरा.

प्रश्नकर्ती :
आपणा सर्वांचे आभार. आज वीज सकाळी होती, तेवढ्यात इसबगोल न घालता बारा कवचे भाजली. नऊ फुगली, उरलेल्या तिनांत अंडे जास्त झाले होते, हे पीठ घालतानाच कळले होते. कस्टर्ड घट्ट राहिले. तांदूळ मिक्सरमध्येच दळला होता.