पुराच्या काळजी केंद्राला गार्ड कशाला पाहिजेत?

दूधगंगाकाठ: काळम्मावाडी धरणाचं पाणी सोडलं की आमच्याकडं, कर्नाटकातल्या सीमाभागात, काळजी केंद्रं (पूरग्रस्तांची निवारा केंद्रं) सुरू, शाळा नाहीतर मंगल कार्यालय, आणि गेटवर एजन्सीचा गार्ड. माझ्या मते हा पैसा चुकीच्या जागी जातोय. 12 तासांची पाळी धरली तरी एका गेटला दोन माणसं, सुट्टीला बदली एक, म्हणजे तिघांचा पगार, वर एजन्सीचं कमिशन. आणि राखायचं काय, चटया आणि भाताची डेग? चोरीची भीती असते ती मागं राहिलेल्या घराला. 2019 ला आमचे वडील त्याच पायी माळ्यावर बसून राहिले, जोंधळ्याची पोती आणि आईचे दागिने सोडून उतरेनातच, शेवटी बोटीतनं आणावं लागलं. तो गार्ड बोटीत बसवा आणि गावातनं फिरवा की.

वेदगंगेची लेक: दादा, घराचं पटतंय, पण केंद्रात राखायला काही नसतं हे लागलं मनाला. त्याच पुरात मी दोन पोरी घेऊन शाळेत नऊ रात्री काढल्यात. संडास मैदानाच्या पल्याड, लाइट नाही, दाराला कडी नाही, पोरगी आत आणि मी बाहेर दार ओढून धरून मोबाईलची बॅटरी लावून उभी. अंधारात कोणतरी पिऊन यायचं, नुसतं उभं राहायचं. गार्ड होता पहिले दोन दिवस, नंतर दिसलाच नाही.

अथणीकर: मग ताई आधी कडी आणि बल्ब मागा, ते काही शेकड्यात होतंय. त्या साली सरकारकडनं पूरग्रस्तांना तातडीचे 10,000 आणि पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर झाले होते, त्या यादीत नाव यावं म्हणून माझ्या काकांनी तलाठ्याकडं किती चकरा मारल्या ते मी बघितलंय. त्यांच्यापुढं गार्डच्या बिलाची बाजू घ्यायला माझी जीभ उचलत नाही.

सदलग्याचा, सध्या पुण्यात: बर्लिनला टेगेल विमानतळाच्या जागेत युक्रेनच्या निर्वासितांचे मोठे तंबू होते, मार्च 2024 ला त्यातला एक आख्खा जळाला, पण माणसं सगळी सुखरूप बाहेर आली. सिक्युरिटीवर फार खर्च होतो अशी ओरड तिथंपण होतीच. आमच्याकडं व्हरांड्यात गॅसची शेगडी, शेजारी ताडपत्री, त्याला लागून जनावरांचा कडबा. रात्री दोनला जागं कोण असतंय सांगा? पगारी माणूस पाहिजेच.

दूधगंगाकाठ: ताई, माझं चटया-डेगेचं बोलणं चुकलं, मागं घेतो. पण एजन्सी नकोच. गावातल्याच पोरांना रोजगार द्या, कोण आपलं कोण परकं त्यांना बरोबर कळतं.

वेदगंगेची लेक: अंधारात उभा राहणारा गावचाच होता दादा. ओळखीचा असला की बाई तोंड उघडत नाही, सकाळी त्याच्याच आईच्या पंगतीला बसून भात खायचा असतोय. म्हणून म्हणते, बाहेरगावची बाई होमगार्ड द्या, मराठी समजणारी, आणि तिचा नंबर वर्गातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.