मुंबईतल्या घरासाठी सोलापूरचा प्लॉट विकावा का? मदत हवी आहे

मंडळी, मुलगा-सून दोघंही मुंबईत आयटीत. महिना अडीच लाख हातात येतात, तरी वर्षभर प्रत्येक रविवार घरं बघण्यातच जातोय. मुलुंडला 1 कोटी 60 लाखांचा टू बीएचके आवडलाय. पण 75 लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या 75 टक्केच देते, म्हणजे 40 लाख पदरचे. वर 6 टक्के मुद्रांक शुल्क, 9 लाख 60 हजार! एवढ्यात इकडे आख्खं घर होतं.

हे म्हणतात, जुळे सोलापुरातला प्लॉट विकू. प्लॉट यांच्या नावावर, घर मुलाच्या. मग प्लॉट विकून घर घेतलं की विक्रीच्या नफ्यावर मिळते ती करसवलत (जुन्या, 1961च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम 54एफ) यांना मिळेल का, की घरावर यांचंही नाव लावावं लागेल? परवा फोनवर पोरगा रडला हो. कुणी यातून गेलं असेल तर नक्की सांगा.