मदत हवी आहे: अगदी मनापासून प्रार्थना कशी करता तुम्ही?
सगळ्यांना जय ख्रिस्त. रात्री जेवणं झाली की आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असते, सासूबाई गीत धरतात, शास्त्रवाचन होतं, पण माझी पाळी आली की तेच ते शब्द येतात आणि मन उद्याच्या डब्यात. बायबलच्या १ शमुवेल पुस्तकातली हन्ना, नुसते ओठ हलतायत, एली याजकाला वाटतं ही प्यायलीय, इतकी ती देवापुढे मोकळी झालेली, तशी प्रार्थना मला हवीय हो. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं त्याच्याआधीही काही महिने रोज एकत्र प्रार्थना चालू होती, म्हणजे सवय लागतेच ना? तुम्ही पहाटे उठता का, उपास धरता का, स्तोत्रं मोठ्याने वाचता का? लहान मुलं असलेल्या आयांनी तर नक्की सांगा. आणि मन लागतच नसेल तेव्हा उठायचं की तसंच गुडघ्यावर राहायचं?