नवा चेहरा झकास, पण वर्कशॉपमध्ये माणूस आहे का?

हिरवीपाटी, वर्धा रोड

माझी इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) फेसलिफ्टच्या, म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलला नवा चेहरा दिला त्याच्या, आधीची. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर धागा 'तुमची भारी की आमची' वर जाईल. इथे नागपुरात, सीताबर्डीत एका मोपेडवाल्याने पुढच्या बंपरचा डावा कोपरा फोडला. सर्व्हिस सेंटरला गेलो तर अ‍ॅडव्हायझर म्हणे, "सर, जुन्या मॉडेलचा बंपर आता स्टॉकमध्ये ठेवत नाही, ऑर्डर टाकावी लागेल." किती दिवस? "कंपनीकडून येईल तेव्हा." आणि त्याच इमारतीत, काचेच्या पलीकडे, नव्या चेहऱ्याची गाडी फुगे बांधून उभी. मला कॉफी विचारली तीसुद्धा तिकडच्या पोराने, नवं गिऱ्हाईक समजून.

तर माझं म्हणणं असं. दिवे बदला, पुढची जाळी बुजवा, बोनेटवर पट्टी लावा, हौस भागवून घ्या. पण त्या खर्चातला थोडा तरी पैसा जुन्या गाड्यांच्या पार्टवर आणि हाय व्होल्टेजचं, म्हणजे मोठ्या बॅटरीचं, काम येणाऱ्या माणसांवर जाऊ द्या. आमच्या सेंटरला ते काम येणारा टेक्निशियन सुटीवर गेला की ईव्ही हातच लावत नाहीत. तुमचं काय?

रेषारंग, धरमपेठ

दादा, बंपरचा राग डिझाईनवर काढू नका. टाटाची 2020 ची नेक्सॉन ईव्ही आठवा. पेट्रोलचीच गाडी, थोडं निळं लावून दिलेली. सप्टेंबर 2023 मध्ये चेहरा बदलला तेव्हा कुठे ती ईव्ही म्हणून ओळखू यायला लागली. आणि समोरची दिव्याची पट्टी नुसती मिरवायला नाही, चार्जिंग लावलं की किती भरलं ते लांबून कळतं. एमजीच्या झेडएस ईव्हीचंही तसंच. चार्जिंगचं तोंड आधी लोगोच्या मागे होतं, 2022 च्या बदलात ते लोगोच्या बाजूला सरकवलं.

शिवाय हवा. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी 120 किमीची मर्यादा आहे. 80 वरून 120 वर गेलात की हवेचा रोध सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. बुजवलेली जाळी, चाकांची सपाट झाकणं, मागचा स्पॉयलर हे सगळं तिथे बॅटरी वाचवतं. यालाच तुम्ही हौस म्हणता.

काटोलकर_काका

रेषारंग, तुमचं भौतिकशास्त्र पक्कं आहे, मान्य. पण माझी गाडी काटोल रोडवरून महालात जाते आणि परत येते. त्या रस्त्यात हवा कापायला मिळत नाही हो, भाजीचे ठेले कापावे लागतात. तीस-पस्तीसच्या वेगाला त्या बुजवलेल्या जाळीचा मला काय उपयोग?

आणि डिझाईनच करायचं तर इथल्या उन्हाचं करा ना. मे 2013 मध्ये या शहरात 47.9 अंश नोंदलं गेलंय. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गाडी उघड्यावर लावून बघा. वर काचेचं छत, त्यावर काळा रंग, आत काळं सीट! पहिली दहा मिनिटं एसी नुसता आतला डबा थंड करतो, आणि ती वीज रेंजमधूनच, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जितकं चालते त्यातूनच, जाते. त्यात गरम झालेली बॅटरी फास्ट चार्जरवर लावली की ती स्वतःला सांभाळायला चार्जिंगचा वेग कमी करते, म्हणजे आपण तिथेच उन्हात उभे. एकाही फेसलिफ्टच्या जाहिरातीत मला पांढरं छत दिसलं नाही.

मे 2017 मध्ये ओलाने महिंद्राच्या इलेक्ट्रिक टॅक्स्या देशात आधी आपल्या नागपुरात उतरवल्या होत्या. त्या दिसतात कशा यावरून भांडण झाल्याचं मला तरी आठवत नाही. ड्रायव्हर लोक वैतागले ते चार्जिंगच्या रांगेला.

बेसा_ताई

मी वेगळं सांगते. मी गाडी दिसण्यावर घेतली, त्यात लाजायचं काय? वीस लाखांच्या आसपास मोजायचे आणि रोज सकाळी जिच्याकडे बघायचं ती डोळ्याला बरी नको?

आणि सर्व्हिसला सरसकट शिव्या देऊ नका. आमची गाडी एकदा बेसमेंटमध्ये ठार बंद पडली. मोठी बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली, पण दार उघडेना, स्क्रीन लागेना. रात्रीची वेळ. मदतीचा नंबर लावला, पोरगा आला, किल्लीच्या आतल्या पात्याने दार उघडलं, बोनेट वर केलं आणि लहान 12 व्होल्टची बॅटरी दाखवली. म्हणाला, "ताई, ही बसली की मोठी बॅटरी जोडणारे स्विचच लागत नाहीत, म्हणून सगळं बंद." जंप देऊन चालू केली, दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलून दिली, वॉरंटीत. कुठे वाईट आहे सर्व्हिस? शनिवारी अपॉइंटमेंट न घेता जायचं आणि मग ताटकळत ठेवलं म्हणायचं, असेही लोक मी तिथे बसून पाहिलेत.

महालचा_मेस्त्री

ताई, तुमचं काम झालं कारण ते बारा व्होल्टचं होतं. ते मीबी करतो. नारिंगी वायरीचं, म्हणजे हाय व्होल्टेजचं, काम निघालं की मग पाहा.

भाऊ लोक, तुम्ही डिझाईन वेगळं अन् सर्व्हिस वेगळी धरून भांडून राहिले. गॅरेजमधून पाहा जरा. फेसलिफ्ट आली की बंपर बदलतो, दिवे बदलतात, फेंडरचा कट बदलतो, आतली क्लिपबी बदलते. म्हणजे डीलरच्या रॅकवर दोन सेट ठेवा लागतात. तो काहून ठेवन? जुन्या सेटमधे त्याचा पैसा अडकते. मग जुना माल "ऑर्डर पार्ट" होते अन् गिऱ्हाईक लटकते. हिरवीपाटी भाऊचा बंपर असाच अडकला. पेट्रोलच्या गाडीलेबी हेच होते, पण तिचा पार्ट बाहेरच्या बाजारात कॉपी भेटते. ईव्हीचा कोण बनवते अजून?

दुसरं, ती दिव्याची पट्टी. पयले धक्का लागला तर एक हेडलाईट जाये. आता पट्टी बोनेटच्या कडेले इकडून तिकडं. मधे चीर गेली की अख्खी बदला. बंपरमधे सेन्सर, लोगोच्या मागं रडार, कॅमेरा. बंपर बसवल्यावर ते सगळं पुन्हा जुळवा लागते, अन् ते सॉफ्टवेअर आमच्यासारख्याले देत नाही. म्हणून गाडी सेंटरलेच न्या लागते, अन् तिथं रांग. दिसाले झकास, पण कागदावर रेघ मारणाऱ्याले खोलाले लावा एकदा.

रेषारंग, धरमपेठ

मेस्त्री, पट्टीचा मुद्दा पटला नाही. एलईडी वर्षानुवर्षं टिकतो, जुन्या हॅलोजनसारखा दर पावसाळ्यात बदलावा लागत नाही. धक्का लागला तर इन्शुरन्स आहे, झिरो डेप घ्या, म्हणजे पार्ट जुना म्हणून पैसे कापत नाहीत. पाचपैकी एखादा ठोकतो म्हणून बाकी चौघांनी 2020 च्याच तोंडाची गाडी चालवायची का?

रॅकचं म्हणता ते मात्र खरं असावं. पण तो डीलरचा हिशेब झाला. त्यात स्टुडिओत बसलेल्या माणसाचा काय दोष?

हिरवीपाटी, वर्धा रोड

दोष स्टुडिओतल्याचा नाही, ठरवणाऱ्याचा आहे. नवा बंपर कधी बाजारात आणायचा हे ज्या टेबलावर ठरतं, जुना किती वर्षं ठेवायचा हेही तिथेच ठरायला हवं. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षांची देता ना? मग 8 वर्षं गाडी चालणार हे तुम्हीच धरलंय. बंपर मात्र तीन वर्षांत दुर्मिळ?

बेसा_ताई, तुमच्याकडे आलेला पोरगा चांगलाच असणार. माणसं वाईट आहेत असं मी म्हटलंच नाही. मागच्या सर्व्हिसनंतर अ‍ॅडव्हायझर गाडीपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "सर, उद्या कंपनीचा फोन येईल, 10 पैकी 10 द्या. 9 दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." गाडीचा खडखडाट तसाच होता. मी 10 दिले, त्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? आता कंपनीला वाटणार नागपुरात सगळं आलबेल आहे. हा आकडा बघून कोण इथे दुसरा टेक्निशियन पाठवेल?

बेसा_ताई

हे आमच्याकडेही झालं. मीही 10 च दिले. पण माझं काम खरंच झालं होतं.

सिव्हिललाइन्स_वकील

हिरवीपाटी, फोनवर 10 द्या, पण खडखडाट जॉब कार्डावर, म्हणजे सेंटरच्या कामाच्या कागदावर, लिहून घ्या. "कस्टमर सॅटिस्फाइड" असं छापील असेल तर सही करताना खाली हाताने लिहा की आवाज कायम आहे. तोंडी तक्रार ग्राहक आयोगापुढे टिकवायला जड जाते.

आधी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, कंपनीचं ऑफिस पुण्यात असो की मुंबईत. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग पुरतो, आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. तक्रार करायची मुदत 2 वर्षं. खडखडाट वॉरंटीतला असेल तर बाजू बरी आहे. बंपर अपघाताचा, त्यात वॉरंटी नाही. तिथे निदान पार्ट कधी येईल ते ईमेलवर लेखी मागा. बहुतेक तारीख देणार नाहीत, पण नकारसुद्धा लेखी असलेला बरा.

काटोलकर_काका

वकीलसाहेब, तारीख पे तारीख इथेही आलीच म्हणायची.

महालचा_मेस्त्री

हिरवीपाटी भाऊ, कोपराच फुटला ना? सेन्सरच्या जागेले धक्का नसन तर नवा बंपर कायले घेता? प्लास्टिक वेल्डिंग होते, मग पुट्टी अन् रंग. फोटो टाका, आतल्या बाजूनंबी टाका. क्लिपा तुटल्या का तेवढं पाहून सांगतो.