सबडोमेन डेलिगेट केलं, पण कधी एनएक्सडोमेन तर कधी सर्व्हफेल

नवा_अ‍ॅडमिन
एक्झाम्पल.कॉम हा झोन (डोमेनच्या नोंदींचा संच) बाइंड या डीएनएस सर्व्हरवर आहे, एक प्रायमरी आणि त्याची प्रत ओढणारा एक सेकंडरी. लॅब.एक्झाम्पल.कॉम दुसऱ्या टीमच्या सर्व्हरकडे (१९२.०.२.५३) सोपवायचंय. प्रायमरीवर एवढीच एनएस (नेमसर्व्हर कोण ते सांगणारी) ओळ घालून रिलोड मारला:

लॅब आयएन एनएस डीएनएस१.लॅब.एक्झाम्पल.कॉम

त्या सर्व्हरला थेट डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) केलं की उत्तर व्यवस्थित येतं. बाहेरच्या रिझॉल्व्हरकडून (नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) मात्र कधी एनएक्सडोमेन (असं नावच नाही), कधी सर्व्हफेल (उत्तर मिळवता आलं नाही). झोनच्या सिरियलला (आवृत्तीच्या आकड्याला) हात लावला नाही, त्याने बिघडतं का?

झोनवाला
बिघडतं, पण ते अर्धंच दुखणं. आधी ओळ बघा: शेवटी टिंब नाही. टिंब नसलं की बाइंड त्या नावापुढे ओरिजिन (झोनचं स्वतःचं नाव) चिकटवतो, म्हणजे नाव झालं डीएनएस१.लॅब.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम. असं नावच नाही, म्हणून सर्व्हफेल. झोन फाइल तपासणाऱ्या नेम्ड-चेकझोन ला मोठ्या लिपीतला डी पर्याय द्या. पूर्ण झालेली नावं छापून येतात, चूक डोळ्यांत भरते.

टिंब दिलंत तरी भागणार नाही. नेमसर्व्हरचं नाव त्याच सबडोमेनच्या आत आहे, त्यामुळे त्याचा पत्ता विचारायला त्याच्याकडेच जावं लागतं. म्हणून ग्लू, म्हणजे त्या नेमसर्व्हरच्या पत्त्याची नोंद, पॅरेंटमध्येच (एक्झाम्पल.कॉमच्या झोनमध्ये) हवा:

लॅब आयएन एनएस डीएनएस१.लॅब.एक्झाम्पल.कॉम.
डीएनएस१.लॅब आयएन ए १९२.०.२.५३

एनएसमधलं नाव सीनेम (दुसऱ्या नावाचं टोपणनाव) नको. आणि पॅरेंटमध्ये लॅबखाली जुनी ए (पत्त्याची) रेकॉर्ड्स असतील तर ती आता कुणाला मिळणार नाहीत. आधी चाइल्ड झोनमध्ये हलवा.

डिग_बहाद्दर
एनएक्सडोमेन सेकंडरीकडून येतोय. सिरियल तोच, म्हणून त्याने नवा झोन ओढलाच नाही. दोन्हीकडे एसओए (झोनची मुख्य नोंद, सिरियल त्यातच असतो) विचारून आकडे जुळवा. आणि सिरियल वाढवल्यावरही लगेच हुरळून जाऊ नका: रिझॉल्व्हर एनएक्सडोमेन जपून ठेवतात, एसओएचा टीटीएल (नोंद किती सेकंद जपायची तो आकडा) आणि त्यातला शेवटचा आकडा यांत जो लहान तितके सेकंद. तिथे ८६४०० असेल तर दिवसभर रडगाणं.

तारखेवरून सिरियल लिहिताना घाईत वर्ष चुकून तो भलताच मोठा पडला, तर आकडा नुसता खाली आणून चालत नाही, सेकंडरी ढुंकूनही बघत नाही. त्यात २१४७४८३६४७ मिळवा (बेरीज ४२९४९६७२९५ च्या पुढे गेली तर ४२९४९६७२९६ वजा करा), सगळ्या सेकंडरींनी ओढू द्या, मग हवा तो आकडा टाका.

नवा_अ‍ॅडमिन
टिंब, ग्लू, सिरियल झालं. बाहेरून चालतंय. आतल्या नेटवर्कमधून अजून एनएक्सडोमेन. तिथली मशीन्स प्रायमरीलाच रिझॉल्व्हर म्हणून वापरतात, आणि त्यावर फॉरवर्डर्स (प्रश्न ज्यांच्याकडे पुढे पाठवायचे ते सर्व्हर) लावलेत.

झोनवाला
मग तेच. डेलिगेशनच्या मागे न जाता प्रायमरी प्रश्न फॉरवर्डरकडे ढकलतो, आणि तिथे जुना एनएक्सडोमेन पडून असणार. एक्झाम्पल.कॉमच्या झोन ब्लॉकमध्ये रिकामा फॉरवर्डर्स कंस टाका, बाइंडला हुकूम देणाऱ्या आरएनडीसी ने रीकॉन्फिग आणि फ्लश करा. मग १९२.०.२.५३ ला नोरेक (दुसरीकडे विचारू नको) लावून डिग करा. उत्तरात एए फ्लॅग (अधिकृत उत्तराची खूण) नसेल तर त्या टीमने झोन लोडच केलेला नाही.