भाजपमधली भांडणं विचारांची होती की तिकिटांची?

हळदपेठ, सांगली

नमस्कार मंडळी. आमचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. वडील जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे, पणतीच्या निवडणूक खुणेपासूनचे. येत्या रविवारी नव्या पोरांसमोर ‘पक्षाचा विचार’ या विषयावर अर्धा तास बोलायचंय. लिहायला बसलो आणि अडकलो, म्हणून विचारतोय.

१९९५ ला शिवसेना-भाजप युतीनं एन्रॉन या परदेशी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवायचं सांगून मतं मागितली. ऑगस्टमध्ये करार रद्द झाला त्या संध्याकाळी आमच्या दुकानात पेढे वाटले. पेढे आणणारे काका भारतीय मजदूर संघाचे, म्हणजे दत्तोपंत ठेंगडींनी काढलेल्या, स्वदेशीवाल्या कामगार संघटनेचे, कारखान्यात फिटर, वडिलांचे शाखेपासूनचे मित्र. पुढच्याच जानेवारीत त्याच सरकारनं नव्या अटींवर एन्रॉन परत आणलं, आणि मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारनं त्याला काउंटर गॅरंटी, म्हणजे राज्याच्या हमीमागं केंद्राची हमी, मंजूर केली. त्या दिवशी काका दुकानात आले ते गादीवर बसले नाहीत. पायात चपला तशाच, उंबऱ्यात उभे. म्हणाले, “ठेंगडीजी सांगतात ते खरं का हे खरं?” वडिलांनी मागच्या खोलीकडं बोट केलं. तिथं हळद पॉलिश करायचा ड्रम होता. “वीज गेली की तो बंद पडतो. स्वदेशीनं फिरवून दाखव.” दोघं दोन महिने बोलले नाहीत. गुरुदक्षिणेच्या उत्सवात शेजारी बसले, तिथंही नाही.

मला ते भांडण मोलाचं वाटतं. आता कानावर येतं ते निष्ठावंत आणि बाहेरून आलेले एवढंच. आपल्या महापालिकेत २०१८ ला ७८ पैकी ४१ जागा आल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आपलेच नगरसेवक फुटून महापौर राष्ट्रवादीचा झाला. त्यात विचार कुठला होता? खरे वैचारिक मतभेद कोणते होते आणि आज ते कुठं आहेत, जाणत्यांनी सांगावं. शिवीगाळ नको, कळकळीनं विचारतोय.

कराडचा मास्तर

दादा, पैशाचा वाद एन्रॉनच्या कितीतरी आधीचा आहे. बलराज मधोक अध्यक्ष असताना १९६७ ला जनसंघाचे ३५ खासदार आले. मधोकांना पक्ष उघडपणे उजवा हवा होता, राजाजींच्या ‘स्वतंत्र पक्ष’ या खुल्या बाजाराच्या पक्षाशी जवळीक हवी होती. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला त्यांचा कडवा विरोध. वाजपेयींना ती वाट नको होती. अखेर १९७३ मध्ये अडवाणी अध्यक्ष असताना मधोकांना पक्षातून काढलं. एका माजी अध्यक्षाला काढलं, हे पोरांना जरूर सांगा.

मग डिसेंबर १९८० चं मुंबईचं अधिवेशन. भाजप हा नवा पक्ष आणि ‘गांधीवादी समाजवाद’ ही घोषणा. राजमाता विजयाराजे शिंद्यांनी त्याला लेखी विरोध केला होता. १९८४ ला दोनच खासदार आले, तेव्हा दीनदयाळजींचं एकात्म मानवदर्शन पुन्हा पुढं आणलं. १९८९ च्या पालमपूरच्या राममंदिराच्या ठरावानंतर सगळी चर्चा अयोध्येभोवती फिरू लागली आणि आर्थिक प्रश्न मागं पडला. माझ्या मते तुमचं उत्तर तिथं आहे.

माणदेशी, आटपाडी

तुमच्या पेठेत पैशावरनं भांडण झालं, आमच्याकडं माणसांवरनं. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जळाली त्या अठ्ठेचाळीसच्या जळितानंतर आपल्या भागात संघ-जनसंघ म्हणजे शहरातली ठरावीक घरं, असंच गावं धरून चालायची. वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी म्हणजे ‘माधव’ची मोट बांधायला घेतली, मुंडेसाहेब, अण्णा डांगे पुढं आले, तेव्हा आमची माणसं आत आली.

माझा बाप मेंढरं राखायचा. मंडल आयोगाच्या ओबीसी आरक्षणाच्या वेळची गोष्ट. तालुक्याच्या बैठकीत एक वडीलधारे त्याला म्हणाले, “जातीचं काढू नका, हिंदू म्हणून बोला.” बाप खांद्यावरची घोंगडी सावरत उठला. “हिंदू म्हणूनच मेंढरं राखतोय. दाखला मागणारा तलाठी जात विचारतो, त्याला काय सांगू?” कुणीच बोललं नाही. चहा आला, बैठक संपली. हा विचाराचाच मतभेद होता की दादा. समरसतेनं, म्हणजे सगळे हिंदू एक मानून, जात जाईल का आरक्षणानं बळ येईल, हा. तो अजून सुटलेला नाही, आणि तुमच्या प्रश्नात तो आलाच नाही, याचं वाईट वाटलं.

मिरजेची वकीलताई

आजचं मी सांगते. आर्थिक वाद आता पक्षाच्या बैठकीत कमी आणि संघ परिवारातल्या संघटनांच्या पत्रकांत जास्त दिसतो. स्वदेशी जागरण मंच १९९१ चा, खुल्या धोरणाच्या वर्षीच निघालेला. २०१९ मध्ये सरकारनं आरसेप या आशियाई देशांच्या खुल्या व्यापार करारातून अंग काढलं, त्याआधी मंचानं विरोधात रान उठवलं होतं. २०२० च्या शेती कायद्यांत हमीभावाची तरतूद हवी, असं भारतीय किसान संघानं सरकार आपलं असूनही मांडलं. २०२२ मध्ये जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, मोहरीला परवानगी मिळाली तेव्हा हे दोघंही विरोधात.

किराण्यातल्या परकीय गुंतवणुकीविरुद्ध सप्टेंबर २०१२ चा बंद आठवतो? भाजप रस्त्यावर होता. जानेवारी २०१८ मध्ये एकाच ब्रँडच्या दुकानांना शंभर टक्के वाट मोकळी केली, तीही आपल्याच सरकारनं. दोन्ही गोष्टी एक नाहीत हे मान्य. पण या दोन्हींच्या मधे पक्षात काय चर्चा झाली, ते कार्यकर्त्याला कुणी सांगितलं नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

हळदपेठ, सांगली

मास्तर, ताई, उतरवून घेतलं. माणदेशी, तुमचं खरं आहे. वडिलांच्या दुकानात अर्धं भांडणच ऐकलं मी. तुमच्या वडिलांची बैठक मी सांगण्यात अर्थ नाही, तुम्हीच या. रविवारी दहाला आहे. पहिली एसटी पकडा, जेवण आमच्याकडं. फिटरकाकांनाही रिक्षा पाठवून आणतोय. आता ऐकू कमी येतं, त्यांच्या शेजारी बसून जरा मोठ्यानं बोलावं लागेल.